शेतात सापडलेली पितळी आकडी: ही जुन्या पुस्तकाची कडी असावी का?

नांगरटीमागून (प्रश्न)

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात राहतो आणि गेल्या दीड वर्षापासून, शेतमालकाची लेखी परवानगी घेऊन, सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टरसह नांगरलेल्या शेतांतून हिंडण्याचा छंद मला जडला आहे. आजवरच्या मिळकतीत शिशाच्या गोळ्या, गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आणि बटणे यांचाच भरणा होता, त्यामुळे घरची मंडळी या छंदाकडे फारशा आदराने पाहत नाहीत. मागच्या रविवारी मात्र सुमारे वीस सेंटिमीटर खोलीवर एक लहानशी पितळी वस्तू हाती लागली आणि ती कशाची असावी याचा अंदाज बांधण्यात माझा सगळा आठवडा गेला.

वस्तूचे वर्णन शक्य तितके नेमके करतो. लांबी ३८ मिलिमीटर. एक टोक १७ मिलिमीटर रुंद आणि मासळीच्या शेपटीसारखे मधोमध खाच असलेले. तेथून अंग निमुळते होत दुसऱ्या टोकाला ९ मिलिमीटरवर येते आणि ते टोक खालच्या बाजूला वळून त्याची आखूड आकडी झाली आहे. दर्शनी बाजूस तीन लहान वर्तुळे कोरलेली असून प्रत्येकाच्या मध्यभागी ठिपका आहे. कडा कानशीने तिरक्या घासल्यासारख्या दिसतात. मागच्या बाजूला, रुंद टोकापाशी, आणखी एक लहान पत्रा रिव्हेटने बसवला आहे. रिव्हेट मुळात दोन असावेत, कारण एक शाबूत आहे आणि दुसऱ्याचे केवळ भोक उरले आहे. दोन्ही पत्र्यांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटरची फट आहे आणि तीत काळपट माती घट्ट बसली आहे.

आमच्या मंडळातील एका जुन्या सभासदाच्या मते ही कमरपट्ट्याच्या टोकाची पट्टी आहे, तर दुसऱ्याने ती पाहताक्षणी मध्ययुगीन पुस्तकाची कडी असल्याचे सांगितले. शेतापासून दोन मैलांवर एका मठाचे भग्नावशेष आहेत, त्यामुळे माझे मन साहजिकच दुसऱ्या मताकडे झुकते. जाणकारांना माझी विनंती अशी की ही वस्तू ओळखावी कशी, तिचा काळ कोणता असावा आणि तिचा संबंध त्या मठाशी जोडता येईल का, हे सांगावे. शेवटचा प्रश्न थोडा संकोचाने विचारतो: वस्तू हिरवी पडली आहे, तर घरच्या पितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच लावून ती घासली तर चालेल काय?

नोंदवही

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरणार नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, दात घासण्याचा ब्रश यांपैकी काहीही त्या वस्तूला लावू नये. मी स्वतः पहिल्या वर्षी सापडलेली अशीच एक आकडी लिंबू आणि मीठ लावून लख्ख केली होती. नंतर भिंगातून पाहिले तेव्हा रिव्हेटच्या डोक्याभोवती, जेथे माझे बोट पोहोचले नव्हते तेथे, सोन्याच्या मुलाम्याचा केसाएवढा कडा उरलेला दिसला. बाकीचा मुलामा मोरीतून वाहून गेला होता. हिरवा थर हा नुसता मळ नसतो. मूळ पृष्ठभागावरची कोरीव रेघ बहुधा त्या थरातच टिकून राहिलेली असते, आणि थर खरवडला की रेघही जाते. वस्तू सावलीत, आपोआप वाळू द्यावी, नंतर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावी. पृष्ठभागावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी नव्याने उमटू लागली तर तो क्षारांमुळे चालू असलेला क्षय समजावा आणि वस्तू लगेच जतनतज्ज्ञाला दाखवावी.

आता ओळखीविषयी. मी एका संग्रहालयात हौशी शोधकांनी आणलेल्या वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करते आणि आपल्या वर्णनावरून ही पुस्तकाचीच कडी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दरवाजाला जसा कडी-कोयंडा असतो तसाच तो या पुस्तकांनाही असे: एका फळीला चामड्याची वादी, वादीच्या टोकाला आपल्याला सापडलेली आकडी आणि दुसऱ्या फळीच्या कडेला आकडी अडकवण्यासाठी लहान धातूचा कोयंडा. कमरपट्ट्याच्या टोकाची पट्टी हीसुद्धा दोन पत्र्यांत चामडे धरून रिव्हेटने बसवलेली असते, म्हणून आपल्या सभासदाची गल्लत समजण्यासारखी आहे. परंतु पट्ट्याचे टोक बकलातून सहज सरकले पाहिजे, त्यामुळे त्याला खाली वळलेली आकडी असून चालणार नाही. ती प्रत्येक वेळी अडकेल.

दुसरी गल्लत कपड्यांच्या आकड्यांशी होते. सातव्या ते अकराव्या शतकांतील आकड्यांना त्रिकोणी किंवा गोल पत्रा आणि शिवून बसवण्यासाठी वरच्या कडेला दोन भोके असतात; सोळाव्या शतकातील आकड्या बहुधा ओतीव असतात, त्यांच्या पाठीमागे अथवा वरच्या टोकाला दोरा किंवा पट्टी ओवण्यासाठी फास असतो आणि आकडी लांब व टोकदार असते. आपल्या वस्तूला पाठचा पत्रा आहे, चामड्याची फट आहे आणि आकडी आखूड आहे. हे तिन्ही एकत्र आले की माझ्या लेखी प्रश्न मिटतो.

काळाच्या बाबतीत मात्र थोडी निराशा करावी लागेल. वर्तुळ आणि मध्ये ठिपका हे नक्षीकाम रोमन काळापासून थेट सतराव्या शतकापर्यंत हाडावर, लाकडावर आणि धातूवर सारखेच आढळते, त्यामुळे त्यावरून शतक ठरत नाही. मासळीच्या शेपटीचा आकार अधिक उपयोगी आहे आणि तो पंधराव्या शतकापासून पुढे, सोळाव्यात विशेष, आणि सतराव्यातही दिसतो. आमच्या नोंदींत १५०० हे साल मध्ययुगाची अखेर मानतात. त्या हिशेबाने आपली आकडी मध्ययुगीन असेलही, पण मी नोंदीत 'मध्ययुगाची अखेर ते त्यानंतरचा काळ' असेच लिहीन.

चर्मपत्र

मी पुस्तकांच्या जतनाचे काम करतो, म्हणजे ज्या वस्तू आपणांस मातीत मिळतात त्यांची रिकामी भोके माझ्या टेबलावर येतात. कडी कशासाठी असे, हे समजले तर तिचा आकारही आपोआप उलगडतो, म्हणून तेवढे सांगतो.

चर्मपत्र हे वासराचे, मेंढीचे किंवा बकरीचे कातडे चुन्यात भिजवून, केस काढून आणि चौकटीवर ताणलेल्या अवस्थेत वाळवून केलेले असते. ते ताणात वाळलेले असल्यामुळे दमट हवेत ओलावा शोषून घेते आणि पुन्हा वळू-फुगू लागते. दोनशे पाने एकदम फुगली तर पुस्तक पंख्यासारखे उघडते, त्यात धूळ शिरते आणि शिवण ताणली जाते. यावरचा उपाय म्हणजे ओक किंवा बीच लाकडाच्या फळ्यांमध्ये पाने दाबून धरणे आणि त्या फळ्या एकमेकींना बांधून ठेवणे. कडी ही शोभेची वस्तू नंतर झाली. आधी ती दाबयंत्राचा भाग होती. बंद पुस्तकात ती ताणलेली असल्यामुळे उघडताना वरची फळी हाताने दाबावी लागे, म्हणजे ताण सुटून आकडी निघत असे. जर्मन भाषेत पुस्तक उघडण्याला जे क्रियापद वापरतात त्याचा शब्दशः अर्थ 'ठोकून उघडणे' असा होतो आणि तो कडी सुटावी म्हणून फळीला मारायच्या फटक्यावरूनच आला असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ही व्युत्पत्ती ऐकायला फारच गोड आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी तिच्यापासून अंतर राखून आहे.

बाराव्या शतकापासून पुढे जी पद्धत इंग्लंडमध्ये रूढ होती तीत आकडी नव्हती. वरच्या फळीला एक किंवा दोन लांब वाद्या असत, त्या पुस्तकाच्या समोरच्या कडेवरून वळून खालच्या फळीच्या जवळजवळ मध्यापर्यंत जात, आणि वादीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यातील भोक तेथे उभ्या असलेल्या खुंटीवर बसत असे. अशा तुकड्यांच्या टोकाला कधी प्राण्याचे मुंडके तर कधी बोटाने ओढण्यासाठी कडे असते. शेतात किंवा उत्खननात मधोमध भोक असलेला, टोकाला मुंडके असलेला चपटा तुकडा मिळाला तर तो आपल्या आकडीपेक्षा जुन्या परंपरेतला आहे, असे धरायला हरकत नाही. पंधराव्या शतकात वादी आखूड झाली, खुंटीची जागा कडेवरच्या कोयंड्याने घेतली आणि आकडीचा जमाना सुरू झाला.

आणखी एक गोष्ट ओळखीच्या कामी येते. इंग्लंड आणि फ्रान्समधील बांधणीत साधारणतः वादी वरच्या फळीला आणि कोयंडा खालच्या फळीला असतो. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये नेमके उलट, म्हणजे वादी खालून येते आणि कोयंडा वरच्या फळीवर असतो. इटलीतील बांधणीकारांना दोन कड्यांवर समाधान वाटत नसे, त्यामुळे तेथे समोरच्या कडेला दोन आणि डोक्याला व पायाला एकेक अशा चार कड्याही आढळतात. सुट्या आकडीवरून हे काही कळत नाही, हे खरे. पण फळीचा तुकडा सोबत मिळाला तर ही दिशा लगेच पाहावी.

कडीखेरीज फळ्यांवर घुमटीच्या आकाराचे धातूचे उठाव बसवत, बहुधा चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. त्या काळी मोठी पुस्तके आडवी ठेवत किंवा तिरक्या मेजावर मांडत, आणि या घुमट्यांमुळे फळीचे चामडे मेजाला घासत नसे. मोलाच्या ग्रंथांना साखळीही असे. हेरफर्ड कॅथीड्रलच्या साखळदंडी ग्रंथालयात आजही साखळी पुस्तकाच्या समोरच्या कडेला जोडलेली दिसते, म्हणून तेथील पुस्तके कणा आत आणि पाने बाहेर अशी, आपल्या सवयीच्या उलट, उभी केलेली आहेत. ती मांडणी १६११ सालची आहे, म्हणजे ही साखळीची रीत मध्ययुगाबरोबर संपली नाही.

आता माझ्या बाजूची अडचण सांगतो. ग्रंथालयांत जी मध्ययुगीन हस्तलिखिते आहेत त्यांतील बहुतेकांची बांधणी नंतरच्या शतकांत बदललेली आहे. जुन्या फळ्या काढून टाकताना धातूचे सामानही गेले. मला दिसतात त्या केवळ खुणा: पहिल्या दोन-तीन पानांवर आरपार उतरलेला खिळ्याचा हिरवट डाग, कळकलेल्या भांड्याच्या तळाशी असतो तसा, किंवा लोखंडी खिळा असेल तर तांबूस. मूळ फळी वाचली असली तरी तीवर अनेकदा दोन पिढ्यांची भोके असतात, कारण कडी तुटली की दुसरी, वेगळ्या मापाची कडी बसवत. म्हणून कडीचे वय म्हणजे पुस्तकाचे वय नव्हे, हे आपण लक्षात ठेवावे. दोनशे वर्षे जुन्या हस्तलिखितालाही १५२० मध्ये नवी आकडी बसू शकते.

नांगरटीमागून

आपणां दोघांचेही आभार. चिंचेचा विचार सोडून दिला आहे. चर्मपत्र यांचे लिखाण वाचल्यावर मी वस्तू पुन्हा दहापट भिंगाखाली धरली आणि जरा घाबरलो. फटीतल्या ज्या पदार्थाला मी माती म्हणत होतो तो एका बाजूला तंतुमय दिसतो. कडेला बारीक थर सुटे होत असल्यासारखे वाटतात. परवा मी तो टाचणीने उकरायला घेतला होता आणि सुदैवाने टाचणी वाकली. हे चामडे असू शकेल काय? जमिनीत पाचशे वर्षे चामडे टिकते?

चर्मपत्र

ती टाचणी जपून ठेवा, तिने मोठे काम केले आहे. ओलसर नांगरटीत चामडे एरवी टिकत नाही, परंतु तांब्याच्या मिश्रधातूंना चिकटून असलेले टिकू शकते, कारण धातूच्या गंजातून झिरपणारे तांब्याचे क्षार त्या चामड्यात मुरतात आणि सूक्ष्मजीवांना ते मानवत नाहीत. दोन पत्र्यांच्या मध्ये दाबून राहिलेला तुकडा तर दोन्ही बाजूंनी सुरक्षित असतो. आपली फट दीड मिलिमीटरची आहे आणि वादीची जाडी साधारण तेवढीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली केसांच्या मुळांची रचना दिसली तर ते कोणत्या जनावराचे कातडे आहे हेही सांगता येते. मात्र चामडे आहे असे गृहीत धरले तर सिलिका जेलच्या डब्यात ते एकदम कोरडे करणे योग्य नाही. नोंदवही यांचा सल्ला नुसत्या धातूसाठी बरोबर आहे, येथे मात्र वस्तू जशी आहे तशी मऊ, आम्लरहित कागदात ठेवून लवकरात लवकर तज्ज्ञाकडे न्यावी.

नोंदवही

दुरुस्ती मान्य. फटीत माती आहे या शब्दावर मी विसंबले, ते विसंबायला नको होते.

थरांचा हिशेब

मी उत्खननात काम करतो. चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ प्रश्नातील मठाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि माझ्या मते खरा पेच तेथेच आहे.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३६ ते १५४० या काळात मठ बंद करण्यात आले. छपरांचे शिसे वितळवले गेले, घंटा भट्टीत गेल्या आणि पुस्तकांची धूळधाण झाली. जॉन बेल या लेखकाने १५४९ मध्ये याबद्दल जो संताप व्यक्त केला तो प्रसिद्ध आहे: मठांतील ग्रंथांची पाने मेणबत्तीची घरे घासायला, बूट पुसायला वापरली गेली, वाणी आणि साबणविके यांना विकली गेली, असे तो सांगतो, आणि विशेष म्हणजे बेल स्वतः मठांचा कट्टर विरोधक होता. चर्मपत्राला गिऱ्हाईक होते, तसेच पितळेलाही होते. फळ्या उचकटून धातू वेगळा काढताना काही तुकडे जमिनीवर पडत आणि तेथेच राहत, म्हणून मठांच्या उत्खननांत या विध्वंसाच्या थरांमध्ये कड्या, कोयंडे आणि घुमट्या मिळतात. राजाचे ग्रंथालयही यातून सुटले नाही. सहाव्या एडवर्डच्या काळात, फेब्रुवारी १५५१ मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या राजग्रंथालयातून 'अंधश्रद्धेची' पुस्तके काढून टाकण्याचा हुकूम निघाला आणि त्या पुस्तकांवरचे सोन्या-चांदीचे साज सर अँथनी ऑचर यांच्या स्वाधीन करावेत असे त्यात नमूद होते. पुस्तक काढून टाकावे, साज मात्र मोजून घ्यावा, असा तो हिशेब.

परंतु हे सर्व मठाच्या आवारातील थरांविषयी झाले. दोन मैलांवरच्या शेतातील एकुलती एक आकडी या गोष्टीत बसवण्याचा मोह मी आवरेन, आणि त्याची कारणे साधी आहेत. पहिले म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांत पुस्तके केवळ मठांत नव्हती. प्रत्येक चर्चमध्ये उपासनेची पुस्तके असत आणि ऐपतदार घरांतील स्त्री-पुरुषांकडे खासगी प्रार्थनापुस्तके असत, जी हातात घेऊन लोक चर्चला जात-येत. ३८ मिलिमीटरची आकडी मोठ्या मठग्रंथापेक्षा अशा लहान किंवा मध्यम पुस्तकाला अधिक शोभते. दुसरे म्हणजे शहरांतील आणि घरांतील केरकचरा, राख आणि शेणखत शेतांत पसरण्याची प्रथा होती. शेतात मिळणारी खापरे आणि बारीकसारीक धातू पुष्कळदा या वाटेने तेथे येतात. आकडी अशा गाडीतून आली असेल तर ती पडली कोठे आणि पसरली कोठे यांचा एकमेकांशी संबंध लावता येणार नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कडीचा कमकुवत भाग म्हणजे वादी. पुस्तक दर वेळी उघडताना ती फळीच्या कडेवर त्याच जागी वाकते, झिजते आणि एके दिवशी तुटते. आकडी खाली पडते आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून सुटी आकडी ही बहुतेक वेळा वापरात असलेल्या पुस्तकाची खूण असते. घुमट्या आणि कोपऱ्यांचे तुकडे मात्र लाकडात खिळ्यांनी ठोकलेले असल्यामुळे सहसा आपण होऊन गळत नाहीत. एकाच जागी आकडी, कोयंडा, घुमट्या आणि वाकलेले खिळे एकत्र मिळाले तर तेथे कोणीतरी पुस्तक उचकटले होते असे मी म्हणेन. आपल्याला एक आकडी मिळाली आहे, तिचा रिव्हेट गळालेला आहे आणि फटीत वादीचा तुकडा आहे. हे चित्र झिजून तुटण्याचे आहे.

जाता जाता एक गोष्ट डिटेक्टर वापरणाऱ्या सर्वांसाठी. आपण बहुतेक जण यंत्र अशा प्रकारे लावता की लोखंडाचा आवाज गाळला जातो, कारण शेतात लोखंडी खिळ्यांचा सुळसुळाट असतो. त्यामुळे पुस्तकांच्या लोखंडी खुंट्या, खिळे आणि साखळीच्या कड्या हौशी नोंदींत जवळपास येतच नाहीत, आणि हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या तुकड्यांची यंत्राला कल्पनाही नसते. हौशी शोधांचे नकाशे पाहून पुस्तकांचा सारा साज पितळेचा होता असा जो समज होतो, तो पुष्कळ अंशी यंत्राच्या बटणाचा परिणाम आहे. उत्खननात आम्ही माती चाळणीतून काढतो, म्हणून आमची टोपली कुरूप पण अधिक प्रामाणिक असते.

सॉमरसेटकर

पुस्तकांच्या धातुकामाची चर्चा आहे आणि अजून अल्फ्रेड ज्युएलचे नाव कसे निघाले नाही? १६९३ मध्ये सॉमरसेटमधील नॉर्थ पेदरटन येथे सापडलेला सोन्याचा, काचमीनाकारी असलेला हा अलंकार आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे आणि त्यावर 'अल्फ्रेडने मला घडवून घेतले' अशा अर्थाचा जुन्या इंग्रजीतील लेख आहे. पुस्तकाशी संबंधित सर्वांत मोलाचा धातू तोच नव्हे काय?

नोंदवही

संबंध आहे, पण तो पुस्तकाला जडवलेला भाग नव्हे. अलंकाराच्या टोकाला एक पोकळ नळी आहे आणि तीत काडी बसवून ओळीवर फिरवण्याचा तो दर्शक असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. राजा अल्फ्रेडने पोप ग्रेगरीच्या ग्रंथाचा अनुवाद आपल्या बिशपांना पाठवला तेव्हा प्रत्येक प्रतीसोबत पन्नास मँकस (त्या काळचे सोन्याचे मोजमाप) मोलाची एक 'एस्टेल' दिली होती आणि ती पुस्तकापासून कोणी वेगळी करू नये अशी आज्ञाही केली होती, त्यावरून हा तर्क केला जातो. आज्ञेचे काय झाले ते आपल्यासमोर आहे: दर्शक ऑक्सफर्डला आहे आणि त्याची काडी नाही.

जडवलेल्या कामाचाच दाखला हवा असेल तर आयर्लंडमधील लॉख किनेल येथील ग्रंथपेटी घ्यावी. ही पेटी १९८६ मध्ये लाँगफर्ड परगण्यातील तळ्याच्या तळाशी पाणबुड्यांना तुकड्यांच्या अवस्थेत मिळाली. ओकच्या पेटीवर कथिलाचा हात दिलेले कांस्याचे पत्रे आहेत आणि तिचा काळ आठव्या-नवव्या शतकांच्या आसपासचा आहे. आयर्लंडमध्ये पुरावस्तूंच्या शोधासाठी परवान्याविना डिटेक्टर वापरणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तिकडे सुट्टीवर जाताना यंत्र घरी ठेवावे.

उत्तर समुद्रापलीकडे

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडे लिहितो. मी डेन्मार्कमध्ये राहतो आणि येथील व्यवस्था मला इंग्लंडपेक्षा सरळ वाटते. महत्त्वाची पुरावस्तू 'डानेफे' ठरली की ती राज्याची होते, ती जमा करावी लागते आणि शोधकाला मोबदला मिळतो. वस्तू चांदी-सोन्याचीच असली पाहिजे अशी अट नाही. २०१८ पासून हौशी शोधक आपले शोध 'डिमे' या सामाईक नोंदणीत स्वतःच भरतात. नेदरलँड्समध्ये २०१६ पासून 'पान' नावाचा असाच प्रकल्प आहे, आणि तेथे डिटेक्टरधारकाला फक्त वरच्या तीस सेंटिमीटर मातीत खणता येते. इंग्लंडमध्ये मात्र पितळी आकडी सापडली तर ती सांगायची की नाही हे शोधकाच्या मर्जीवर आहे, असे मी वाचले आहे. ते खरे असेल तर चांगल्या नोंदी लोकांच्या सद्‌बुद्धीवर चालतात, असेच म्हणावे लागेल.

थरांचा हिशेब

बहुतांशी खरे आहे. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुन्या आणि वजनात किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेल्या वस्तूची खबर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, द्यावी लागते. चांदीची पुस्तककडी या कलमात येते. मुलामा दिलेली पितळी कडी येत नाही, कारण मुलाम्याचे वजन दहा टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. २०२३ मध्ये व्याख्या रुंदावून दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंचाही समावेश झाला, पण साधी आकडी त्यात बसणार नाही. उरते ती १९९७ मध्ये सुरू झालेली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे हौशी शोधकांच्या वस्तू नोंदवण्याची योजना, जी ऐच्छिक आहे आणि तरीही तिच्या नोंदींत पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. सद्‌बुद्धी तितकी दुर्मीळ नाही, असे म्हणायला जागा आहे.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. आपल्या परगण्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे या योजनेच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, जाताना जागेचा ग्रिड संदर्भ (नकाशावरील जागेचा क्रमांक) किमान आठ अंकी न्यावा, म्हणजे दहा मीटरच्या चौकोनापर्यंत जागा निश्चित होते. 'अमुक गावाजवळचे शेत' एवढ्यावर आमचे काही भागत नाही. आणि ते मठाचे अवशेष संरक्षित स्मारक असण्याची शक्यता दाट आहे. तशा ठिकाणी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हा १९७९ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग शेतमालकाची परवानगी खिशात असली तरीही. कडी पाहून तिकडे वळण्याचा विचार मनात आला असेल तर तो येथेच थांबवावा.

नांगरटीमागून

विचार आला होता, हे कबूल करतो, आणि तो थांबवला आहे.

काल वस्तू आमच्या परगण्याच्या अधिकारी बाईंना दाखवून आलो. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि फटीत चामडेच असल्याचे सांगितले. काळ पंधराव्या शतकाची अखेर ते सोळावे शतक असा नोंदवला. मठाचा उल्लेख मी केला तेव्हा त्यांनी नोंदीत फक्त ग्रिड संदर्भ लिहिला आणि स्मित केले. गळालेल्या रिव्हेटच्या भोकाकडे मात्र त्यांनी माझे लक्ष वेधले. भोक गोल राहिलेले नाही, वादी ज्या दिशेने ओढली जात असे त्या दिशेला ते लांबट झाले आहे आणि त्या बाजूची कड इतकी पातळ झाली आहे की प्रकाशाकडे धरली असता तीत एक बारीक चीर दिसते. दुसरा रिव्हेट अजून घट्ट आहे, म्हणजे शेवटची काही वर्षे पुस्तकाचा सगळा ताण त्या एकट्यावर होता.

वस्तू सध्या त्यांच्याकडेच आहे. चामड्याचे काम झाल्यावर ती परत मिळेल. शेतमालकांना मी हे सांगायला गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता की पुस्तक कोणते होते.